फुगणाऱ्या मातीवरच्या घरांच्या आराखड्यांवर सही करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
काळ्या, फुगणाऱ्या मातीवर घरांचे आराखडे काढणारे आणि त्यांवर सही करणारे सर्व स्थापत्य अभियंते

स. न. वि. वि.

मी माती तपासतो. घराला तडे गेले की मालक माझ्याकडे येतो आणि येताना बांधकामाची फाइल काखेत मारून आणतो. त्या फायलीत नकाशा असतो, सळयांचे तक्ते असतात, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे निकाल असतात. नशीब असेल तर मातीचा अहवालही असतो. अहवालाच्या शेवटच्या पानावर एकच आकडा ठळक केलेला असतो: सुरक्षित भारक्षमता, आपल्या रोजच्या भाषेत एसबीसी. त्या आकड्यावरून फूटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) काढलेले असते, आकडेमोड बिनचूक असते आणि खाली तुमची सही असते. माती ओली झाल्यावर किती फुगेल आणि किती जोराने वर ढकलेल, याबद्दल अख्ख्या फायलीत अवाक्षर नसते.

या एका रिकाम्या जागेबद्दल हे पत्र आहे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे ठेकेदाराने चोरलेले सिमेंट किंवा काँक्रीटमध्ये अर्धवट फिरवलेला व्हायब्रेटर, यांवर पुष्कळ बोलून झाले आहे. तडे गेलेल्या घरांत काँक्रीट फोडून पाहिले तर ते बहुतेक वेळा ठीकच निघते. सळईही नकाशाप्रमाणे असते. सगळे बरोबर करूनही घर फुटते, कारण सुरुवातीला प्रश्नच अर्धा विचारलेला असतो.

कोरड्या दिवसांत काळी माती खणायला गेलात तर पहार उसळते. अशा मातीची भारक्षमता उत्तम येणार यात नवल नाही. एसबीसी विचारते की वरून किती वजन टाकले तर माती खाली दबेल किंवा बाजूला सरकेल. भरावाच्या किंवा भुसभुशीत जमिनीवर हा प्रश्न पुरेसा आहे. काळ्या मातीवर त्याच्या जोडीला उलटा प्रश्न विचारावा लागतो: खालून किती जोर येईल आणि तो पेलायला वरचे वजन पुरेल का? एक-दोन मजली घरांच्या बाबतीत बहुतेकदा उत्तर येते, पुरणार नाही. मोठ्या इमारतीपेक्षा बैठे घर, बैठ्या घरापेक्षा न्हाणीघर आणि न्हाणीघरापेक्षा कुंपणाची भिंत आधी फुटते, याचे कारण हेच. जितके हलके, तितके जमिनीच्या मर्जीवर.

हा जोर येतो कुठून ते आपण सर्वांनी महाविद्यालयात शिकलेले आहे, तरी थोडी उजळणी करतो. बेसॉल्ट खडक कुजून जी काळी माती तयार होते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचे पापुद्रे साधारण एक नॅनोमीटर जाडीचे असतात आणि दोन पापुद्र्यांमधली पकड इतकी सैल असते की पाणी सरळ आत शिरते. एका ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटमधल्या सगळ्या पापुद्र्यांचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटरपर्यंत भरते. केओलिनाइटसारख्या न फुगणाऱ्या मातीत तेच १० ते २० चौरस मीटर असते. एवढ्या पृष्ठभागावर पाण्याचा थर चढतो, पापुद्रे दूर सरतात, माती फुगते. पाणी गेले की आकसते, आणि मग उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता हिशेब करू. आपल्याकडच्या काळ्या मातीचा फुगण्याचा दाब दर चौरस मीटरला ५ टनांपासून २०–३० टनांपर्यंत सहज जातो. आपण मधला धरू, १० टन. घराची फरशी, तिच्याखालचे काँक्रीट आणि हाताभर भराव मिळून दर चौरस मीटरला फार तर एक टन भरते. म्हणजे फरशी उचलली जाणार हे कागदावरच दिसते. २३० मिमी रुंदीचा प्लिंथ बीम, म्हणजे जोत्यात कॉलमांना बांधणारा आडवा बीम, थेट काळ्या मातीवर ओतला असेल तर त्याच्या एक मीटर लांबीला खालून २.३ टन जोर लागू शकतो. त्यावरची ३ मीटर उंचीची वीटभिंत मीटरला सुमारे १.३ टन वजनाची. छताचे वजन तर कॉलमवाटे दुसरीकडेच गेलेले. उरलेला एक टन कोण घेणार? बीम घेतो, मधोमध वर वाकतो, आणि भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा जातो. मालकाला सांगितले जाते, ‘नवीन घर आहे, थोडं बसणारच.’ घर बसलेले नसते, उचललेले असते. या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत आणि माझी खरी तक्रार इथे सुरू होते.

तक्रार अशी की, काळी माती दिसली की आपण फूटिंग मोठे करतो. हात आपोआप तिकडे जातो. मऊ जमिनीवर भार पसरवायचा, हे इतके अंगवळणी पडलेले आहे की फुगणाऱ्या जमिनीवरही आपण तेच करतो. पण फूटिंग रुंद केले की त्याखालचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की मातीला ते उचलणे सोपे जाते. शिवाय मातीला ढकलायला जागाही जास्त मिळते. मालकाने जास्तीचे काँक्रीट, जास्तीची सळई यांचे पैसे मोजलेले असतात, त्याला वाटते आपले घर शेजाऱ्यापेक्षा पक्के आहे. प्रत्यक्षात त्याने उथळ आणि रुंद पाया घेऊन फुगण्याला निमंत्रण दिलेले असते. मी असे म्हणत नाही की दाब वाढवत नेला की प्रश्न सुटला, कारण एसबीसीची मर्यादा आहेच. पण ‘काळी माती आहे, फूटिंग दीडपट कर’ हा शेरा नकाशावर दिसला की मला कळते की लिहिणाऱ्याने फुगण्याचा आकडा पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट प्लिंथ बीमची. ती जरा सविस्तर लिहितो, कारण चांगल्या चांगल्या आराखड्यांत ही एकच चूक उरलेली असते. काळी माती दीड-दोन मीटर खोल आहे, खाली कडक मुरूम आहे, कॉलम मुरमापर्यंत नेले आहेत. उत्तम. यापेक्षा चांगला पाया शोधून सापडणार नाही. पण त्या कॉलमांना बांधणारे बीम जमिनीच्या पातळीला, काळ्या मातीवर पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) टाकून त्यावर ओतले जातात. ठेकेदाराला ते सोयीचे असते. तळाला फळ्या लावायला नकोत. पहिल्या चांगल्या पावसात पाया जागचा हलत नाही, बीम मात्र दोन कॉलमांच्या मध्ये वर ढकलला जातो. म्हणजे खोल पाया घेण्याचा सगळा खर्च केला आणि घर शेवटी उभे राहिले ते बीमखालच्या वीतभर मातीच्या लहरीवर.

उपाय साधा आहे: बीमच्या तळाखाली ७५ ते १०० मिमी पोकळी. फुगण्याच्या दाबाचा एक गुण असा की मातीला थोडी जागा मिळाली की तो झपाट्याने उतरतो. पोकळीत माती फुगते, बीमला हात लावत नाही. ही पोकळी ठेवायला तळाचे सेंटरिंग लावून नंतर काढता येते, किंवा ओलीने कुजून दबणारा एखादा माल भरता येतो. बाजूने माती आत ढासळू नये म्हणून विटेचा किंवा फरशीचा तुकडा उभा लावावा लागतो. पण नकाशावर ही पोकळी काढलेली नसेल तर साइटवर ती कोणीही ठेवणार नाही. ठेकेदार पोकळी पाहून उलट घाबरतो आणि प्रामाणिकपणे ती भरून टाकतो, वर चोपणीही करतो. म्हणून कृपा करून तिचा छेद काढा, माप लिहा आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा: ‘ही जागा भरू नये.’

कॉलमच्या बाजूच्या खड्ड्याचेही तेच. खणून काढलेली काळी माती तशीच परत खड्ड्यात ढकलली की ती कॉलमला कवटाळते आणि फुगताना त्याला सोबत वर ओढते. त्या जागी चोपलेला मुरूम हवा. जोत्यातल्या भरावाबद्दल वेगळे काय सांगू? पायातून निघालेली माती जोत्यात भरणे हा वाहतूक वाचवण्याचा सोपा मार्ग आहे, आणि फरशी उखडण्याचाही.

वाळूबद्दल मात्र सांगितले पाहिजे. फूटिंगखाली वाळूचा जाड थर दिला की माती फुगून वाळूत जिरते, असा समज खूप पसरलेला आहे. वाळूला फुगणे शोषता येते ते अगदी थोडे, पण पाणी ती भरपूर धरते. काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्यात वाळू भरणे म्हणजे पायाखाली पाण्याची टाकी बांधणे. पाऊस थांबला तरी त्यातले पाणी आजूबाजूच्या मातीला झिरपत राहते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी याच्या अगदी उलट वाट दाखवली. त्यांनी न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर वापरायला सांगितला, जो सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) थर म्हणून आता सगळ्यांना माहीत आहे. चोपलेल्या, योग्य प्रतीच्या मुरमाचा साधारण मीटरभर थर दिला तर खालच्या मातीचे फुगणे बरेच दबते. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखाली हा उपाय वापरला गेला आणि त्यासाठी भारतीय मानक आयएस ९४५१ उपलब्ध आहे. घरांच्या फरशीखाली तो वापरायला काय अडचण आहे ते मला समजलेले नाही. फक्त मुरूम म्हणून जे येते त्याचीही फुगण्याची चाचणी करा. काही मुरमांत चिकणमाती इतकी असते की तो चोरावर मोर ठरतो.

पाणी येते कुठून, याकडे आराखड्यात लक्षच नसते. पावसाचे पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण घर बांधल्यानेच जमिनीतले पाणी बदलते हे विसरले जाते. मोकळ्या जमिनीत पाणी मुरते आणि उन्हाळ्यात वर येऊन उडून जाते. तिच्यावर फरशी टाकली की वाफ होऊन जाण्याची वाट बंद. मग ओलावा घराच्या मध्याखाली हळूहळू साठत जातो, एका पावसाळ्यात नव्हे तर काही वर्षे. मध्य फुगून घुमटासारखा वर येतो आणि बाहेरच्या कडा मात्र दर उन्हाळ्यात वाळून खाली जातात, पावसाळ्यात परत चढतात. म्हणून असे घर पाहायला गेलो की मी तडा कुठे रुंद आहे ते आधी पाहतो. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा मध्य उचलला आहे किंवा टोके खाली गेली आहेत. खाली रुंद असेल तर कडा उचलल्या आहेत. दार पावसाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात सुटते. सुतार लाकडाला दोष देऊन रंधा मारून जातो. तेच दार लोखंडी चौकटीत असले तरी अडकते तेव्हा लाकूड निर्दोष सुटायला हवे.

यात भर म्हणून आपणच पाणी आणून देतो. शोषखड्डा पायाला लागून, सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो पायाला लागून, गच्चीवरचे पाइप जोत्याशी मोकळे सोडलेले, आणि आता पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डाही घराच्या कोपऱ्यातच. पुनर्भरण चांगलेच आहे. पण काळ्या मातीत पाणी मुरतच नाही नीट. ते पायाभोवती तुंबते. असा खड्डा पायापासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा आणि मुरमापर्यंत खोल करावा. जमिनीखालचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप भिंतीतून जातात तिथे त्यांना हलायला जागा आणि लवचीक सांधा हवा. पक्के चिणलेले पाइप माती हलली की तुटतात, गळती त्याच जागी माती फुगवते, तडा वाढतो, पाइप आणखी तुटतो. हे चक्र भिंती रंगवून थांबत नाही. जोत्याभोवती बाहेर उतार असलेला, तडे न जाणारा, मीटर-दीड मीटर रुंदीचा पट्टा ही नकाशातली शोभेची रेघ नाही. तो पायाचाच भाग आहे, आणि पायाच्याच कामात त्याची मोजणी व्हायला हवी.

झाडांचे गणित उलट चालते. मुळे माती कोरडी करतात, कडा खाली जाते. वाढल्यावर झाडाची जी उंची होईल, निदान तेवढे अंतर घर आणि झाडात ठेवावे, असा ढोबळ नियम आहे. पण घराशेजारचे जुने मोठे झाड तडे पाहून एका दिवसात तोडायला सांगू नका. ज्या मातीला त्याने वर्षानुवर्षे कोरडे ठेवले ती आता पाणी पिऊन फुगायला लागते, आणि तोडल्यानंतर अनेक वर्षे फुगत राहते.

आता चाचणीकडे येतो. मुक्त फुगवट्याची चाचणी, आयएस २७२० भाग ४०, इतकी साधी आहे की न करण्याला कारण उरत नाही. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली प्रत्येकी १० ग्रॅम कोरडी माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घालायची, एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल, आणि निदान २४ तास थांबायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही आकारमानांमधला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या किती टक्के आहे ते काढायचे. आयएस १४९८ प्रमाणे ५० टक्क्यांच्या खाली असेल तर फुगण्याची भीती कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या वर अति. काचेच्या दोन नळ्या आणि एक दिवस! कुठल्याही प्रयोगशाळेतली ही जवळजवळ सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

हा झाला मातीचा स्वभाव. प्रत्यक्ष जोर कळायला न हललेला नमुना काढून आयएस २७२० भाग ४१ ची फुगण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. इथे एक खोच आहे. तोच नमुना भर पावसाळ्यात काढला तर दाब कमी येतो, कारण माती आधीच पिऊन बसलेली असते. उन्हाळ्यात काढला तर जास्त येतो. म्हणून दाबाच्या आकड्याशेजारी नमुना काढतानाचा ओलावा आणि महिना लिहिलेला नसेल तर तो आकडा वापरू नका, अहवाल परत पाठवा. आम्ही तपासणीवाले आळशी आहोत. तुम्ही मागितले नाही तर आम्ही लिहीत नाही.

मुरूम खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेला, खाली फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खांब. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती आपल्याच काळ्या मातीसाठी घडवली, तिचे मानक आयएस २९११ भाग ३ आहे, आणि तरीही खासगी घरांच्या नकाशांत ती क्वचित दिसते. ऋतूप्रमाणे ज्या खोलीपर्यंत ओलावा बदलतो तो पट्टा आपल्याकडे साधारण ३.५ मीटर धरतात. पाइल त्याच्या खाली न्यायची आणि तिथे खोडाच्या साधारण अडीचपट व्यासाचा बल्ब काढायचा. वरची माती खोडाला वर ओढू लागली की बल्ब खाली धरून ठेवतो. त्यामुळे अशी पाइल दाबासाठीच नव्हे तर ताणासाठीही काढावी लागते, आणि सळई तळापर्यंत न्यावी लागते. वरच्या दोन मीटरांत पिंजरा संपवलेल्या पाइल मी नकाशावर पाहिल्या आहेत. त्या तुटतात.

बल्ब खरोखर झाला का, हा या पद्धतीतला नाजूक भाग आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. रीमर (बल्ब कोरणारे अवजार) किती वेळा फिरवला, बादलीत माती किती आली, हिशेबाने काँक्रीट किती जायला हवे होते आणि किती गेले, याची नोंद प्रत्येक पाइलची ठेवायला लावा. भोक पाण्याखाली असेल तर भिंती ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइटचा घोळ वापरतात. बेंटोनाइट म्हणजे प्रामुख्याने मॉन्टमोरिलोनाइटच, ज्याच्याशी आपले भांडण चालले आहे तोच.

कडक, बीम घातलेला राफ्ट, म्हणजे अख्ख्या घराखाली सलग पसरलेला काँक्रीटचा पाया, हाही एक पर्याय. अमेरिकेत टेक्सासमध्ये ताण दिलेल्या केबल्सचे राफ्ट घरांखाली सर्रास घालतात. घर अख्खे वरखाली झाले तरी चालेल, वाकू नये, अशी त्यामागची कल्पना. चुना मिसळून माती सुधारण्याचा उपायही खरा आहे. वजनाच्या ३ ते ८ टक्के चुना नीट मिसळला तर कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतो आणि पुढे मातीच कडक होत जाते. पण ‘नीट मिसळला तर’. खड्ड्यात पोतेभर चुना ओतून वर पाणी मारणे याला मिसळणे म्हणत नाहीत.

हा खटाटोप आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये १९७१ पासून घराच्या विम्यात जमीन खचण्याचा समावेश झाला आणि १९७६ च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरच्या घरांचे दावे इतके आले की विमा कंपन्यांचे डोळे उघडले. अमेरिकेत १९७३ मध्ये जोन्स आणि होल्ट्झ यांनी हिशेब मांडला की फुगणाऱ्या मातीने होणारे वार्षिक नुकसान पूर, वादळे आणि भूकंप यांच्या एकत्रित नुकसानापेक्षा जास्त आहे. मला सर्वांत उपयोगी वाटते ती ऑस्ट्रेलियाची पद्धत. तिथे एएस २८७० या मानकाप्रमाणे घर काढण्याआधी प्लॉटला एक वर्ग मिळतो. जमिनीचा पृष्ठभाग २० मिमीपर्यंत हलेल तर एस, ४० पर्यंत एम, ६० पर्यंत एच१, ७५ पर्यंत एच२ आणि त्यापुढे ई. वर्गावरून पाया ठरतो. बैठे घर आहे म्हणून सूट नाही. हे मानक मुळात लहान घरांसाठीच आहे. फ्रान्सने २०१८ च्या एलान कायद्याने याच्याही एक पाऊल पुढे जाऊन, मध्यम आणि जास्त धोक्याच्या पट्ट्यात बांधकामायोग्य मोकळा प्लॉट विकणाऱ्यानेच मातीचा प्राथमिक अभ्यास करून द्यायचा, अशी तरतूद केली. विकणाऱ्याने!

आपल्याकडे मानके आहेत, चाचण्या आहेत, पाइल आपलीच आहे, सीएनएस आपलेच आहे. नाही ती एवढीच सक्ती की लहान घराच्या फायलीत हा आकडा असल्याशिवाय सही होणार नाही. ती कायद्याने येईल तेव्हा येवो. सही तुमची आहे, ती आजही रोखून धरता येते.

तुम्ही म्हणाल, लहान मालकाला परवडत नाही. मुक्त फुगवट्याची चाचणी परवडत नाही असा मालक मला अजून भेटायचा आहे. तिचे नावच ऐकले नाही असे मात्र रोज भेटतात. तुम्ही असेही म्हणाल की जुनी घरे याच मातीवर शंभर वर्षे उभी आहेत. आहेत, पण त्यांच्या भिंती जाड, जड आणि मातीच्या किंवा चुन्याच्या बांधणीच्या होत्या. त्या हलल्या तरी सांध्यांतून थोडे थोडे सरकून घेत, दर वर्षी लिंपण होई, आणि बारीक भेगेला कोणी तडा म्हणत नसे. सिमेंटची बांधणी, गुळगुळीत पुट्टी आणि दोन फूट बाय चार फुटांच्या टाइल्स लावल्यावर जमिनीने तेवढेच हलणे सोसता येत नाही.

ज्या घरांना आधीच तडे गेले आहेत त्यांच्या मालकांना निदान एक सांगा, की तडा लगेच भरू नका. आधी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख, रुंदीची नोंद, आणि एक पूर्ण पावसाळा व एक उन्हाळा. तोवर गळके पाइप बदला, गच्चीचे पाणी दूर न्या, जोत्याभोवतीचा पट्टा करून घ्या, शोषखड्डा हलवा. पुष्कळ घरे एवढ्यानेच शांत होतात. उन्हाळ्यात रुंद झालेल्या तड्यात कडक सिमेंट ठासून भरले तर पावसाळ्यात तो मिटायला जागा राहत नाही आणि नवा तडा शेजारीच उघडतो. पायाला आधार देण्याचे मोठे काम काढायचेच असेल तर ते या नोंदी हातात आल्यावर.

तेव्हा माझी विनंती लहान आहे. पुढचा आराखडा काढाल तेव्हा मातीच्या अहवालात चार ओळी मागा: मुक्त फुगवटा, फुगण्याचा दाब, नमुना काढतानाचा ओलावा व महिना, आणि काळी माती किती खोल आहे. त्या ओळी नसतील तर फूटिंगचे माप लिहू नका. नकाशावर प्लिंथ बीमखालची पोकळी, कॉलमभोवतीचा मुरूम आणि पाण्याचे सगळे मार्ग दाखवा. आणि पायाचे काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी एकदा साइटवर जाऊन खड्ड्याच्या तळाला पहार मारून पाहा. अजून काळी माती लागत असेल तर गाडी परत पाठवा. ठेकेदार चिडेल, चिडू द्या.

कळावे,

आपला,
एक माती तपासनीस